आधी मास्क, मग बंदूक

१

शिट्टी तीनदा वाजली. एकदा म्हणजे डाव सुरू, दोनदा म्हणजे डाव संपला, आणि तीनदा म्हणजे कुणाला तरी खरोखरचं लागलंय. आठ वर्षांत तीन शिट्ट्या कधी वाजल्या नव्हत्या. त्यामुळे दाराशी स्टुलावर बसलेल्या उचापतीमामाला आधी वाटलं, आज कुणीतरी आपलीच थट्टा करतंय.

तसं वाटायला कारण होतं. बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्याचं ते गोदाम. दर रविवारी सकाळी तिथं मोठी माणसं लहान होऊन एअरसॉफ्ट खेळायची. बंदुका दिसायला हुबेहूब खऱ्या, आत मात्र वाटाण्याएवढा प्लॅस्टिकचा छर्रा. अंगाला लागला की चिमटा बसल्यासारखं होतं. मग ‘लागला’ म्हणून हात वर करायचा आणि गपगुमान बाहेर जाऊन उभं राहायचं. बंदुका मामाच्या दुकानातल्या, नियम मामाचे आणि खोड्याही मामाच्याच. त्या रविवारी त्यानं शिंप्याच्या डब्यात रबरी पाल ठेवली होती, लिफ्टवाल्याच्या पाण्याच्या बाटलीला टाचणीनं भोक पाडलं होतं, आणि भाच्याच्या मास्कवर शुक्रवारीच दोन जाडजूड, मधे जुळलेल्या भुवया रंगवल्या होत्या. पाल बघून शिंपी टेबलावर चढला. बाटली लिफ्टवाल्याच्या पँटीवर नको तिथं गळली. भुवयांवर मात्र कुणी हसलंच नाही. तेवढ्या एका हसण्याची वाट बघत मामा सकाळपासून कान टवकारून बसला होता.

ऐकू आली ती किंकाळी.

भाचा खोक्यांच्या दोन रांगांमधे गुडघ्यांवर बसला होता. नर्सबाईनं त्याचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं. मास्कची काच उजव्या बाजूला फुटून आत गेली होती. शिंपी आणि लिफ्टवाला बंदुका खाली टाकून शाळेत शिक्षा झाल्यासारखे भिंतीला टेकले होते.

“मामा,” भाचा म्हणाला, “भिंग कुठल्या डोळ्यात लावतो मी?”

मामाला उत्तर माहीत होतं. भाचा घड्याळजी होता. मुंगीच्या पायाएवढी चाकं चिमट्यानं बसवायचा, आणि भिंग लावायचा ते उजव्या डोळ्यात.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर बाहेर आले, त्यांनी नकाराची मान हलवली आणि पुढच्या पेशंटकडे गेले. ताई बाकावर ताठ बसली होती. मामाची थोरली बहीण. नवरा गेल्यावर घरातल्या पुढच्या खोलीत ब्युटी पार्लर काढून तिनं हा एकुलता एक वाढवला होता.

“समोर तिघंच होते ना?” तिनं विचारलं.

“हो, ताई.”

“तिघांच्या बंदुका तुझ्याच दुकानातल्या?”

“हो.”

“मग नाव सांग.”

“ताई, असं लगेच कसं...”

“बुधवारी सकाळी मी चौकीत जाणार. तोवर तू शोधलंस तर तुझं नाव देईन, म्हणजे तू सांगशील ते. नाहीतर लिफ्टवाल्याचं देईन. सगळे म्हणतायत, त्यानं बंदुकीत काहीतरी भलतं घातलंय.”

लिफ्टवाला उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं लायसन्स असं की पोलिसांच्या वहीत नाव चढलं की संपलं. घरात दोन पोरी, म्हातारा बाप, आणि कमावणारा हा एक.

“बुधवार,” ताई म्हणाली. “आणि उगाच दात काढू नकोस.”

मामा दात काढत नव्हता. त्याचा चेहराच तसा होता. त्या चेहऱ्यापायी त्यानं जन्मभर मार खाल्ला होता.

२

मामाच्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी बंदूक दाखवत नसत. आधी तीन प्रश्न. कुठं खेळणार? किती वेळ हातात धरणार? आणि चुकून कुणाला जोरात लागली, तर झोप लागेल का? पहिल्यावरून बंदुकीची लांबी ठरायची, दुसऱ्यावरून वजन. तिसऱ्यावरून मामा ठरवायचा की या माणसाला बंदूक द्यायची का कॅरमबोर्ड. आणि एवढं सगळं झालं तरी बंदुकीआधी मास्क घ्यावाच लागे. गल्ल्याच्या वर पाटीच होती: ‘आधी मास्क, मग बंदूक’.

तीन माणसांना त्यानं असं पारखून तीन बंदुका दिल्या होत्या. आता गाडी उलटी हाकायची होती. बंदुकीवरून माणूस निवडायचा होता.

सोमवारी सकाळी तो शिंप्याकडे गेला. शिंपी दहादा माप घेऊन एकदा कात्री चालवणारा माणूस. त्याला मामानं स्प्रिंगची लांब रायफल दिली होती. दर छर्ऱ्याला खटका हातानं मागं ओढायचा, दम धरायचा, मग मारायचं. दुसरा कुणी कंटाळला असता. शिंपी एका डावात चार छर्रे मारायचा आणि तीन लागायचे.

“ये,” शिंपी मशीनवरून मान वर न करता म्हणाला. “आज पाल नाही ना?”

“आज नाही. रविवारी किती मारलेस?”

“एक.”

“दुपारपर्यंत एकच?”

“नेम मिळत नव्हता. सारखा कुणीतरी मधे यायचा.” मशीन खडखडत राहिलं. “तुला काय, सगळे छर्रे एकाच डब्यातले. कुणाचा कुठला, देवाला ठाऊक.”

ते खरं होतं. घरून छर्रे आणायला बंदी होती. दारातल्या एकाच डब्यातून सगळ्यांनी ओंजळ भरून घ्यायची, हाही मामाचाच नियम. मास्कमधे सापडलेला छर्रा तिघांपैकी कुणाचाही असू शकत होता.

“तो एक कुणाला मारलास?”

शिंप्याचा पाय थांबला. मशीनही थांबलं. सुई कापडातच रुतून राहिली.

“खांद्यावर धरला होता नेम,” तो म्हणाला. “तो काच पुसायला खाली वाकला, आणि त्याच वेळी माझा खटका सुटला. तू तिसरा प्रश्न विचारला होतास ना मला? झोपेचा? रविवारपासून डोळ्याला डोळा नाही. ताईंना जाऊन सांग, मीच मारला.”

३

“शिंप्याला काय कळतंय!” नर्सबाई म्हणाली. दवाखान्याच्या मागच्या जिन्यावर तिची दहा मिनिटांची सुट्टी चालली होती. “तो खटका ऐकला मी. पण त्याच वेळी लिफ्टवाल्याची धडधडही चालू होती आणि माझेही दोन गेले. तिघांनीही एकदमच मारलं, मामा. त्यातला एक लागला. कुणाचा, ते तुम्ही सात जन्म शोधलंत तरी सापडायचं नाही.”

नर्सबाईचं मनगट पेशंट उचलून उचलून दुखावलेलं. म्हणून मामानं तिला गॅसवर चालणारं हलकं पिस्तूल दिलं होतं. तिघांत सगळ्यात मवाळ तेच. थंडीत तर त्यातला छर्रा नाक मुरडत बाहेर पडायचा.

“तू पहिली पोचलीस ना त्याच्याजवळ? काही वेगळं दिसलं?”

“वेगळं म्हणजे...” तिनं चहाचा कागदी कप चुरगाळला. “त्याच्या काचेवर धुकं धरलं होतं. सकाळपासून म्हणत होता, बाई, धुरकट दिसतंय. मास्क काढायचा नाही असा तुमचा नियम, म्हणून खालून बोट घालून पुसत होता बिचारा. जातच नव्हतं.”

“तुझ्या काचेवर होतं धुकं?”

“नव्हतं. कोरडी हवा होती की.”

मामानं ते ऐकलं आणि सोडून दिलं. पोरगं धावतं फार, घामावतं फार.

“आणि ते तुकडे,” ती म्हणाली. “मी उचलले ना, बोटांत सुकलेल्या पानासारखे कुरकुरले. मला वाटलं, असंच असतं.”

तेही त्यानं सोडून दिलं. त्याचं सगळं लक्ष लिफ्टवाल्याकडे लागलं होतं, कारण ताईचंही तिकडंच होतं.

लिफ्टवाला सापडला तो एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनखोलीत, कोपरापर्यंत ग्रीस माखून. त्याला बॅटरीवरची बंदूक दिली होती. दिवसभर जो माणूस एकेक स्क्रू जपून पिळतो, त्याला रविवारी तरी धडाधड उधळायला मिळावं.

“तुमची ताई माझं नाव देणार म्हणे,” तो म्हणाला. “बायकोला अजून सांगितलं नाही.”

“लोक म्हणतात, तू बंदुकीत जास्त ताकदीची स्प्रिंग घातलीस.”

“लोक काय, लोक तर म्हणतात तुम्ही शहाणे झालात.”

“घातलीस का?”

लिफ्टवाल्यानं चिंधीला हात पुसले. बराच वेळ पुसले. मग अवजारांच्या पेटीच्या तळातून त्यानं एक गुंडाळलेली स्प्रिंग काढली. करंगळीएवढी जाड, नवी कोरी.

“घातली होती,” तो म्हणाला. “पंधरा दिवस. शनिवारी काढली. पोरींची शप्पथ, मामा, रविवारी खेळायच्या आधी काढली.”

“काढताना कुणी बघितलं?”

खालून लिफ्टची घंटा वाजली. लिफ्टवाल्यानं मान खाली घातली.

“कोण बघणार? लपूनच काढली की.”

४

मंगळवारी सकाळी मामा एकटाच गोदामात गेला. बरोबर तिन्ही बंदुका, लिफ्टवाल्याची ती जाड स्प्रिंग, छर्ऱ्यांचा डबा आणि दुकानातले दोन नवे मास्क. भाच्याचा ज्या खोक्यातला होता, त्याच खोक्यातले.

खेळाच्या आधी छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र असतं, त्यावर त्यानं तिन्ही बंदुका तपासल्या. तिन्ही गरीब गाई. मग खिळ्याला मास्क लटकवला. हातभर अंतरावर उभा राहिला. एवढ्या जवळून मारायला खेळात सक्त मनाई असते. पण आज त्याला सगळ्यात वाईट काय होऊ शकतं ते बघायचं होतं.

शिंप्याच्या रायफलीनं दहा मारले. काचेवर दहा पुसट ठिपके.

नर्सबाईच्या पिस्तुलानं दहा. तेवढेही नाहीत.

लिफ्टवाल्याच्या बंदुकीनं अख्खं मॅगझीन रिकामं केलं. काच हसत होती.

मग त्यानं बाकावर बसून लिफ्टवाल्याची बंदूक उघडली, जाड स्प्रिंग घातली आणि पुन्हा हातभर अंतरावरून मारलं. छर्रा काचेवर आपटून फुटला. काचेला बारीकसा खळगा पडला. तडा नाही. पुन्हा मारलं. दुसरा खळगा. वीस छर्रे, वीस खळगे, आणि काच शाबूत. कारण मास्कची काच म्हणजे काच नसतेच. ते जाड, चिवट प्लॅस्टिक असतं. ते वाकेल, दबेल, पण फुटणार नाही. गिऱ्हाइकासमोर ते हातोडीनं ठोकून दाखवायची मामाला फार हौस होती.

म्हणजे शिंपी नाही. नर्सबाई नाही. स्प्रिंग काढली असो वा नसो, लिफ्टवालाही नाही. तिघांपैकी कुणाच्याही बंदुकीनं धडधाकट काच फुटणं शक्य नव्हतं. ती बंदुकीनं फुटलीच नव्हती. ती आधीच मेलेली होती. छर्ऱ्यानं फक्त धक्का दिला.

मामा स्टुलावर बसला. आठ वर्षं पाटी लावली, आधी मास्क, मग बंदूक. आणि स्वतः शोधायला निघाला तो आधी बंदूक घेऊन. दोन दिवस. कुणी गिऱ्हाईक असं वागलं असतं तर त्यानं त्याला कॅरमबोर्ड दिला असता.

सुकलेल्या पानासारखे कुरकुरणारे तुकडे. सगळ्यांना कोरडी हवा आणि एकट्या भाच्याच्या काचेवर धुकं. पुसून न जाणारं धुकं.

त्यानं फोन काढला. खेळाच्या आधी आत कुणीतरी सगळ्यांचा एक फोटो काढून मामाला पाठवायची पद्धत होती. रविवारचा फोटो त्यानं बोटांनी मोठा केला. शिंपी, पालीमुळं अजून पांढराफटक. लिफ्टवाला, पँटीवर हात. नर्सबाई. आणि मधे भाचा, मास्क घालून, अंगठा वर.

भुवया नव्हत्या.

हसलं कुणी नाही ते यासाठी. हसायला काही नव्हतंच. जिथं मामानं भुवया काढल्या होत्या, काचेच्या वरच्या कडेला, तिथून खाली उजव्या डोळ्यापर्यंत काच दुधाळ दिसत होती. एखाद्यानं तिथं ओठ लावून ‘हाऽ’ केल्यासारखी.

 तो मार्कर त्यानं स्वतः निवडला होता. गरजेनुसार निवड, हाच तर त्याचा धंदा. त्याची गरज अशी होती की भुवया साबणानं जाता कामा नयेत. मग त्या गेल्या कशानं?

५

ताईचं पार्लर बंद होतं. दारावरची पाटी उलटी फिरवलेली. आत आरशासमोरच्या खुर्चीत ती स्वतःच बसली होती, हातात दोऱ्याचं रीळ. भुवया कोरण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. दोन बोटांत दोरा धरून अशी सफाई करायची की गिऱ्हाइकाला शिंकसुद्धा यायची नाही.

“जेवलास?” तिनं विचारलं.

“हो.”

“खोटं बोलतोस. तोंड बघ आरशात.” ती उठली नाही. “सापडलं नाव?”

“बघतोय. ताई, त्याच्या मास्कवर मी...”

आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच ताईच्या ओठांचा कोपरा हलला.

“बघितल्या हो तुझ्या भुवया, मेल्या. शनिवारी पिशवीतून मास्क काढला आणि पाहते तर काय! मी जन्मभर लोकांच्या भुवया कोरते आणि माझ्याच पोराच्या कपाळावर असलं जंगल? चार लोकांत मला हसायला? तो म्हणाला, राहू दे आई, मामाची गंमत आहे. म्हटलं, तुझ्या मामाच्या गमती पुरे झाल्या.”

“मग?” मामानं विचारलं.

“मग काय, घासल्या. साबणानं जाईनात, सोड्यानं जाईनात. म्हटलं, थांब, तुझी ताई आहे मी. भुवया काढायला मला शिकवतोस?” तिनं मान फिरवून फळीकडे बोट केलं. “त्यानं एका मिनिटात गेल्या.”

फळीवर नेलपॉलिश काढायच्या द्रवाची मोठी बाटली होती. निम्म्याहून जास्त रिकामी. शेजारी कापसाचा पुंजका.

“चांगला भिजवून पुसला,” ताई म्हणाली. “मागून, पुढून. म्हटलं, लख्ख दिसलं पाहिजे माझ्या लेकराला.”

तिनं तोंडावर पदर ओढला आणि खांदे हलू लागले. मामा उभा राहिला. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं. पण हातालाच ते पटेना.

दुकानात परत येताना त्यानं कोपऱ्यावरून तसलीच एक लहान बाटली घेतली. शटर अर्धं ओढलं. उरलेल्या दुसऱ्या नव्या मास्कवर त्याच मार्करनं त्याच दोन भुवया काढल्या. भुवया झकास उठल्या. वाळू दिल्या. मग कापूस भिजवून घासल्या.

रंग गेला. काच स्वच्छ झाली. त्याला क्षणभर वाटलं, सुटलो.

मग काच बोलायला लागली. टिक. जरा थांबून टिक, टिक, बर्फावर पाणी ओतल्यासारखं. फ्रेममधे ताणून बसवलेल्या त्या चिवट प्लॅस्टिकमधे केसासारख्या बारीक रेघा पसरत गेल्या. एकीतून दुसरी, दुसरीतून चार. पाच मिनिटांत भुवयांच्या जागी धुकं आलं होतं, पुसून न जाणारं.

त्यानं नर्सबाईचं पिस्तूल उचललं, ते सगळ्यात मवाळ. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एक छर्रा मारला.

काच सुकलेल्या पानासारखी आत गेली.

६

बुधवारी सकाळी नऊ वाजता सगळे ताईच्या पार्लरमधे जमले. मामानंच बोलावलं होतं. शिंपी दाराशी उभा, कबुलीजबाब तोंडपाठ करून आलेला. नर्सबाई ड्यूटीवरून तशीच आलेली. लिफ्टवाला स्टुलाच्या काठावर, जणू स्टूल पण परक्याचं. भाचा ड्रेसिंग घातलेल्या डोळ्यानं भिंतीला टेकून. आणि ताई, पर्स काखेत, चौकीत जायला तयार.

“बोल,” ती म्हणाली.

मामानं पहिला मास्क टेबलावर ठेवला, खळगे पडलेला. लिफ्टवाल्याची स्प्रिंग ठेवली. हातभर अंतरावरून काय काय मारलं ते सांगितलं. मग तो मास्क लिफ्टवाल्याच्या हातात दिला आणि म्हणाला, “फोडून दाखव.” लिफ्टवाल्यानं दोन्ही हातांनी पिळला, गुडघ्यावर वाकवला, शेवटी पाय दिला. काच वाकली आणि परत सरळ झाली.

“म्हणजे धडधाकट काच या तिघांपैकी कुणीच फोडू शकत नाही,” मामा म्हणाला. “शिंप्या, तू झोप. बाई, तू पण. आणि तू रे, स्प्रिंग घातलीस तो गाढवपणा, पण डोळा तुझ्यामुळं गेला नाही.”

लिफ्टवाल्यानं तोंड दोन्ही हातांत लपवलं.

“मग कशामुळं गेला?” ताईनं विचारलं.

इथवर सगळं खरं होतं. पुढचं वाक्य मामानं रात्रभर पारखलं होतं, गिऱ्हाइकासाठी बंदूक पारखावी तसं. कुठं वापरायचं? या खोलीत, या बाईसमोर. किती वेळ पेलायचं? जन्मभर. तिसरा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही.

“काच खोटी होती,” तो म्हणाला. “तो मास्क दुसऱ्या खोक्यातला. भिकार माल, कधीच परत पाठवायला हवा होता. मला माहीत होतं. घरचा पोरगा आहे, कुरकुर करणार नाही, म्हणून चांगला दुकानात ठेवला आणि तो त्याला दिला.”

 नर्सबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. तिचा आणि भाच्याचा मास्क एकाच खोक्यातून निघाले होते, ते तिला आठवत असावं. पण तिनं तोंड उघडलं नाही. लिफ्टवाला उठला, मामाच्या पायाशी थुंकला आणि बाहेर गेला. शिंपी त्याच्या मागून गेला, मान खाली घालून. आणि घाईनं नर्सबाई.

ताई जवळ आली. तिनं मारलं नाही. मामाला वाटलं होतं मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

“अर्धा तास घासून लख्ख केला होता रे मी तो,” ती हळू आवाजात म्हणाली. “शनिवारी. या हातांनी. कुणासाठी, तर तुझ्या असल्या काचेसाठी!”

मामाचा चेहरा नेहमीसारखाच होता, दात काढल्यासारखा.

“हसतोस?” ताई म्हणाली. “चौकीत मी तुझं नाव देणार. आणि आजपासून मला माहेर नाही. मला भाऊ नव्हताच. जा.”

तो जिन्याकडे निघाला. मागून पावलं वाजली. भाचा होता, भिंतीला हात लावत लावत येणारा.

“भुवया मस्त होत्या, मामा.”

मामा थांबला.

“आई पुसत होती तेव्हा मी इथंच होतो,” भाचा आणखी हळू म्हणाला. “पुसल्यावर काच टिकटिक वाजत होती. घड्याळाचा कान आहे माझा. म्हटलं, आई, काहीतरी वाजतंय. ती म्हणाली, तुझे कान वाजतायत.”

“तिला सांगू नकोस,” मामा म्हणाला.

“काय सांगायचंय? तू काच खोटी म्हणतोस ना?” भाच्याचा उरलेला डोळा कोरडा होता. “मग खोटीच. संपलं.”

त्यानं जिन्याची पहिली पायरी उतरायला पाय पुढं टाकला. एका डोळ्यानं पायरीची खोली कळत नाही. पाय हवेतच वर-खाली होत पायरी शोधू लागला. मामानं झटकन हात पुढं केला.

“त्याचा हात धरू नकोस!” वरून ताई ओरडली.

भाच्याचा पाय अजून पायरी शोधत होता. मामाचा हात होता तिथंच राहिला.